टोपीवरचा परवाना

आमच्या नातीला, केल्सीला, जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. दोन हजार अठराचा जानेवारी होता. खाडीच्या कडेनं बर्फ धरला होता आणि दोन्ही मुलगे इस्पितळात काचेच्या पेटीत होते. त्याच आठवड्यात नगर कचेरीनं शिंपल्यांच्या परवान्याची फी वीस डॉलरवरून साठ केली.

हे मला कुणी सांगितलं नाही, मी स्वतः वाचलं. मी समुद्रापलीकडच्या साव जॉर्ज बेटावरची, नऊ भावंडांत थोरली. धाकट्यांना कडेवर घेऊन शाळेच्या भिंतीबाहेर उभी राहायचे, तेवढीच माझी शाळा. अक्षरं शिकले ती एकोणसाठाव्या वर्षी, इथे अमेरिकेत, गावच्या वाचनालयात. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी जायचे. नवरा शिकला नाही. घरात एक वाचणारं पुरे, असं म्हणायचा. औषधाच्या बाटलीपासून विजेच्या बिलापर्यंत मी वाचायची आणि तो ऐकायचा.

कचेरीच्या दारावर कागद डकवला होता. गावच्या रहिवाशाला साठ, बाहेरच्याला दोनशे. सत्तर पुरी झालेल्या रहिवाशाला पाच डॉलर, तेही एकदाच, मग मरेपर्यंत काही नाही. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत, हौसेसाठी शिंपल्या काढण्याचा परवाना. विकण्यासाठी काढणाऱ्यांचा कागद वेगळा असतो, आमचा घरी खाण्यापुरता. मी बोट सरकवत सगळं वाचून दाखवलं. माझा नवरा जासिंतो गुलार्त टोपी कानांवर ओढून शेजारी उभा होता. हौसेसाठी हा शब्द त्यानं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. चाळीस वर्षं लोकांच्या छपरांवर गुडघे टेकून फळ्या ठोकल्या तेव्हा हौसेचं कुणी विचारलं नाही, म्हणाला.

मग त्यानं विचारलं, “सत्तरला पाच?”

“हो. तुला अजून तीन वर्षं आहेत.”

त्याच्या खिशात वीसचीच नोट होती, म्हणून आम्ही परत आलो.

आमच्याकडे परवाना टोपीवर लावतात. हाताएवढा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून टोपीच्या पुढे सेफ्टी पिनेनं टोचायचा, म्हणजे शिंपल्यांवर नजर ठेवणाऱ्या वॉर्डनला लांबूनही दिसतो. जासिंतोच्या टोपीला पिनेची इतकी भोकं पडली होती की मी आतून कापड लावलं होतं. छपरावरून पडून त्याचा खुबा मोडला तेव्हापासून दुसरं कामही त्याला नव्हतं. बुधवार, शनिवार, रविवार, या परवानगीच्या दिवशी ओहोटी लागली की लांब रबरी बूट, दाताळं, तारेची टोपली. टोपली टायरच्या ट्यूबमध्ये बसवून ती दोरीनं कमरेला बांधायची, म्हणजे पाण्यावर मागे मागे तरंगत येते. तो दाताळं ओढताना खाली बघायचा नाही. शिंपली लागली की दगड लागला, हे त्याला दांड्यातून कळायचं. डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं. तो रस्त्यावर चालत नसे, चिखलात चालायचा.

घरात साठ डॉलर नव्हते असं नाही. मी कॉफीच्या डब्यातून काढून त्याच्या पुढ्यात ठेवले. त्यानं ते परत माझ्याकडे सरकवले. जे मला लागू नाही ते मी देणार नाही, म्हणाला. मी म्हटलं, लागू कसं नाही, सदुसष्टचा आहेस. त्यावर तो उठून बाहेर गेला.

मला वाटलं, म्हातारपणी चिक्कू झाला. सरकारी फीचं त्याचं पहिल्यापासूनच तसं होतं. इथे येऊन पन्नास वर्षं झाली तरी त्यानं नागरिकत्व घेतलं नव्हतं. फी म्हणजे दरोडा आहे, असं म्हणायचा आणि दर दहा वर्षांनी कुरकुरत परदेशी माणसाचं कार्ड नवं करून घ्यायचा. मी घेतलं, मुलगी तर इथेच जन्मली, तो राहिला.

तीन आठवडे तो खिडकीशी बसला. ओहोटीची वेळ त्याला घड्याळाशिवाय कळायची. त्या वेळी मान खाडीकडे वळायची. कोबीच्या पानांचं सूप पुढ्यात गार व्हायचं. एके दिवशी त्यानं दाताळ्याचे सगळे दात कानशीनं घासून काढले आणि दाताळं परत खिळ्याला टांगलं. त्याची पँट कमरेत सैल होऊ लागली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी केल्सीचे कपडे धुवायला घेऊन इस्पितळातून आले, तर खिळा रिकामा होता. टोपी मात्र खुंटीवर होती. परवाना नसलेली टोपी त्यानं डोक्यावर घातली नव्हती.

मी तशीच खाली गेले. बारीक बर्फ पडत होतं. पाणी लांब गेलं होतं आणि ओल्या वाळूवर वीसेक माणसं वाकलेली, सगळ्यांच्या टोप्यांवर नवे पिवळे परवाने. मधोमध माझा नवरा उघड्या डोक्यानं, आणि त्याच्यासमोर रसेल. रसेल आमचा वॉर्डन. त्याच्या बापाचं छप्पर जासिंतोनं घातलं होतं, तेव्हा रसेल शिडी धरायला उभा राहायचा. तो ओरडत नव्हता. त्याचा आवाज इतका हलका होता की सगळी माणसं दाताळं थांबवून ऐकत होती.

टोपली ओत, एवढंच तो म्हणाला.

जासिंतोनं ओतली नाही. कमरेची दोरी सोडली, गुडघ्यावर बसला, मोडक्या खुब्यानं त्याला बसायला वेळ लागला. मग एकेक शिंपली उचलून, तोंड वर करून, चिखलात परत रोवू लागला. नुसती ओतली तर समुद्रपक्षी उचलून दगडावर आपटतात. बोटं लाल झाली होती. केसांत बर्फाचे कण अडकले होते. बघणाऱ्यांतला कुणीही हसला नाही, हसले असते तर बरं झालं असतं. रसेल बाजूला उभा राहून बुटाकडे बघत होता. शेवटी म्हणाला, दंड लिहीत नाही, सोमवारी कचेरीत जाऊन परवाना काढा, म्हणजे मी हे विसरलो.

सोमवारी आम्ही गेलो. काउंटरमागे डॉना होती. चांगली बाई. माझ्या वाचनालयाच्या वर्गाला ती नाताळात केक पाठवायची. जासिंतोनं पाच डॉलरची नोट काढून हातानं सपाट केली आणि पुढे ठेवली.

डॉनानं त्याचं कार्ड बघितलं, यंत्रात बघितलं. नोव्हेंबर पन्नास, म्हणाली, अजून दोन वर्षं नऊ महिने.

“सत्तेचाळीस,” तो म्हणाला. “ऑगस्ट.”

ती हसली. वय चोरणारे पुष्कळ येतात, वाढवून सांगणारा पहिलाच बघितला, म्हणाली. तो हसला नाही. सत्तेचाळीस, परत म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना त्यानं बोटांची हाडं काउंटरवर आपटली. मागे रांग होती. डॉनानं माझ्याकडे बघितलं. ज्यांच्या घरचा माणूस विसरायला लागलाय अशा बायकांकडे लोक जसं बघतात तसं. मग हळूच म्हणाली, देओलिंदा, डॉक्टरांना विचारलंत का?

माझी मान खाली गेली. मी नोट उचलली, त्याला कोपराला धरलं आणि बाहेर आणलं.

ट्रकमध्ये बसल्यावर त्यानं किल्ली फिरवली नाही. काचेवर बर्फ साचत गेलं आणि आत उजेड पांढरा झाला.

“मला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “मी सत्तर पुरी केली.”

“बरं.”

“बरं नाही. ऐक. जासिंतो माझा धाकटा भाऊ. साडेतीन वर्षांचा असताना तापानं गेला. मी बेलमिरो.”

बेलमिरो कोण, हे मला माहीत होतं. बेलमिरो माझा थोरला दीर. मी त्याला कधी बघितलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते की त्याला आमच्याच बेटांपैकी फ्लोरेस बेटावर, अठराव्या वर्षी, खडकावरच्या लापा काढताना लाटेनं ओढून नेलं. लापा म्हणजे खडकाला टोपीसारख्या चिकटलेल्या शिंपल्या, आमच्या बेटांवर सुरीनं उचकटून भाजून खातात. त्याचं प्रेत मिळालं नव्हतं. माझ्या सासूच्या खोलीत त्याच्या नावाची मेणबत्ती असायची.

नवऱ्यानं सांगितलं ते असं. धाकटा गेला तेव्हा मृत्यूची नोंद करायला डोंगर ओलांडून दिवसभर चालत जावं लागे, आणि शिक्क्याच्या कागदाची फी द्यावी लागे. बापानं पोराला पुरलं आणि नोंद केली नाही. मेलेल्यासाठी सरकारला कशाला पैसे द्यायचे, म्हणाला. कागदावर जासिंतो जगत राहिला. पुढे आमच्या देशाची आफ्रिकेतली लढाई सुरू झाली. अमेरिकेतल्या चुलत्यानं सगळ्या घराला बोलावणं पाठवलं, पण सैन्यात घेण्याच्या वयाच्या पोराला बेट सोडू देत नव्हते. शेजारच्या घरातला पोरगा आफ्रिकेतून पेटीत परत आला होता. तेव्हा बाप परत डोंगर ओलांडून गेला आणि थोरला लापा काढताना बुडाला, अशी नोंद करून आला. त्या वेळी मात्र त्यानं शिक्क्याच्या कागदाचे पैसे भरले. गावाला सगळं माहीत होतं. गाव बोललं नाही, प्रत्येक घरात पोरगा होता.

निघण्याच्या सकाळी आईनं त्याच्या पायांवरचे केस बापाच्या वस्तऱ्यानं काढले आणि त्याला आखूड चड्डी घातली. अठरा वर्षांचा तो, पंधराचा दिसायला हवा होता. अंगानं लहानच होता. बेट सोडताना कागद तपासणाऱ्या शिपायासमोर आईनं त्याचा हात धरून ठेवला होता. बोटं दुखेपर्यंत, म्हणाला.

सांगून झाल्यावर त्यानं काच पुसली आणि ट्रक सुरू केला. वाटेत केल्सीच्या पोरांचं वजन किती वाढलं ते विचारलं.

घरी येऊन मी बटाटे सोलायला बसले. सोलता सोलता मला मार्च महिन्याची प्रार्थना आठवली आणि मी सुरी खाली ठेवली.

दर मार्चमध्ये आमच्या चर्चमध्ये बेलमिरो गुलार्तच्या आत्म्यासाठी प्रार्थना होते. आधी सासू पैसे द्यायची, तिच्या मागे मी. दहा डॉलर पाकिटात घालून वर नाव लिहायचं. लिहिता येत नव्हतं तोवर दुसऱ्याकडून लिहून घ्यायची. अक्षरं शिकल्यावर मी स्वतःच्या हातानं पहिलं पाकीट लिहिलं ते हेच. किती दिवस वहीत ते नाव गिरवलं होतं. पाद्री ते नाव मोठ्यानं वाचायचे, आम्ही सगळे गुडघ्यावर, आणि हा माझ्या शेजारी गुडघ्यावर. पंचेचाळीस वर्षं.

सासू शेवटच्या दुखण्यात मिरो, मिरो अशी हाक मारायची. हा पलंगाशी बसून म्हणायचा, आलो, आई. म्हातारीचं मन राखतो म्हणून मला त्या वेळी त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं.

चार दिवस मी त्याला नावानं हाक मारली नाही. जेवायला ये, म्हणायची. दार लाव, म्हणायची. पुढचं नाव तोंडात यायचं आणि तिथेच थांबायचं. तो झोपला की त्याच्या हाताकडे बघत राहायची. ठोकताना निळं पडलेलं अंगठ्याचं नख, मानेवरचा तीळ, सगळं जिथल्या तिथे होतं. पाचव्या दिवशी मी विचारलं, पाद्र्यासमोर मी लग्न कुणाशी लावलं?

त्यानं पाव खाली ठेवला. “तिथे उभा मीच होतो,” म्हणाला.

मग मी विचारलं की बावन्न वर्षं तोंड शिवून बसलास, आणि उघडलंस ते पंचावन्न डॉलरसाठी? त्याला शब्द शोधताना बघणं अवघड होतं, तो बोलका माणूस नव्हताच.

“तू दारावरचं वाचलंस,” तो म्हणाला. “सत्तर पुरी झालेल्याला. मला वाटलं, हे माझ्याबद्दल आहे.”

त्याच दुपारी डॉनाचा फोन आला. तिला राहवलं नव्हतं. जुन्या देशांतून आलेल्या पुष्कळ लोकांच्या तारखा चुकलेल्या असतात, म्हणाली. बेटावरच्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला मागवता येईल. कार्ड देणाऱ्या सरकारी कचेरीचा नंबर तिनं शोधून ठेवला होता, तिथे अशा चुका दुरुस्त करतात. मी उद्याच फोन करते, तुम्हाला इंग्रजीत अडचण नको, म्हणाली.

नवरा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. फोनमधलं त्याला ऐकू येत नव्हतं, पण माझा चेहरा बघून तो उभा राहिला. नागरिक नसलेला, मेलेल्या पोराच्या कागदावर राहणारा माणूस. सत्तराव्या वर्षी त्याला परत त्या बेटावर सोडतील, जिथे तो बुडून मेलेला आहे.

मी म्हटलं, नको, डॉना. तारीख बरोबर आहे. त्याचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. भावाची तारीख स्वतःची म्हणून सांगतो.

पलीकडून ती रडवेल्या आवाजात म्हणाली, मला वाटलंच होतं.

फोन ठेवला तेव्हा तो अजून उभाच होता. मी काय बोलले ते त्यानं ऐकलं होतं. म्हणाला, ठीक केलंस. आणि खाली बसला.

गाव लहान आहे. आठ दिवसांत सगळ्यांना कळलं की गुलार्तचं डोकं गेलं. पाववाली त्याच्या हातात सुटे पैसे मोजून ठेवू लागली. रसेल त्याच्याशी एकेक शब्द सुटा करून बोलू लागला, बहिऱ्याशी बोलावं तसं. आज, बुधवार, आहे. बुधवारी, चालतं. ज्यानं रसेलला वाऱ्यात शिडी कशी धरायची ते शिकवलं, तो मान हलवून म्हणायचा, होय, रसेल.

साठ डॉलर घेऊन मीच कचेरीत गेले. डॉनानं अर्ज पुढे केला आणि मी भरते म्हणाली. मी म्हटलं, मला येतं. नाव, जासिंतो गुलार्त. जन्म, नोव्हेंबर एकोणीसशे पन्नास. अक्षरं मोठी आणि वेडीवाकडी येत होती. खाली एक ओळ होती, वरची माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. मी ती बोटानं वाचली. वाचता येत नव्हतं तेव्हा अशा किती ओळींखाली मी अंगठा दिला असेन, मला कधी काही वाटलं नव्हतं.

सही त्याची हवी होती, म्हणून अर्ज घरी आणला. त्यानं टेबलाशी बसून, जीभ दातांत धरून सही केली. तेवढंच त्याला लिहिता यायचं. इथे आल्या आल्या चुलत्यानं शिकवलेलं, दोन शब्द. मी त्याच्या हाताकडे बघत होते. जन्मभरात त्यानं अक्षरं शिकली ती धाकट्या भावाच्या नावाची, आणि त्यानंतर एकही शिकला नाही.

परवाना आला. मी तो प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि टोपीला टोचला. जुन्याच भोकात पीन गेली.

मार्चच्या पहिल्या शनिवारी मी त्याच्याबरोबर खाडीवर गेले. ओहोटी खोल होती, वाळू पार पलीकडच्या खुणेच्या खांबापर्यंत उघडी पडली होती. इतर माणसं काठाजवळच होती. तो लांब गेला, टोपली मागे ओढत, खुबा वाचवत एक पाय जरा बाहेर टाकत. मीही बूट घालून मागे गेले. वारा समुद्राकडे वाहत होता. काठावरच्यांना आमचं काही ऐकू गेलं नसतं.

त्यानं पाठ माझ्याकडे करून दाताळं रोवलं होतं. मी मागे वळून काठाकडे एकदा बघितलं आणि म्हटलं, “बेलमिरो.”

दाताळं थांबलं. तो वाकलेला होता तो हळूहळू सरळ झाला, पुरता सरळ, खुब्याची पर्वा न करता. वळला नाही. मान जरा बाजूला कलली, लांबून आई हाक मारते आहे की भास झाला अशी खात्री करून घेणाऱ्यासारखी. पाणी त्याच्या घोट्यांभोवती होतं. टोपली दोरीच्या ताणानं गोल फिरत होती.

“परत म्हण,” तो म्हणाला.

मी परत म्हटलं. मग त्यानं दाताळं ओढलं, दातांत चार शिंपल्या आल्या. लहान शिंपली ठेवता येत नाही, म्हणून मापाच्या पट्टीच्या फटीतून तपासल्या. त्यातली एक लहान निघाली, ती त्यानं तोंड वर करून परत रोवली. त्या दिवशी लसूण आणि लाल मिरचीचं वाटण लावून मी त्या शिजवल्या. तो दोनदा घेऊन जेवला.

घरात आणि लोकांत मी त्याला जासिंतोच म्हणत राहिले. दुसऱ्या नावानं हाक मारली ती फक्त तिथे, लांब पाण्यात. पुढच्या जानेवारीतही मी अर्ज भरला, त्यानं सही केली आणि आम्ही परत साठ डॉलर दिले. पाच डॉलरचा परवाना त्याला मिळाला नाही. तो गेला तेव्हा कागदावर सत्तर पुरी व्हायला तेरा महिने राहिले होते.

थडग्याच्या दगडावर जासिंतो गुलार्त असं कोरलं आहे. मार्चमध्ये मी अजून दहा डॉलरचं पाकीट देते, आणि त्यावर आता दोन नावं लिहिते. पाद्री नवे आहेत. ते दोन्ही वाचतात, काही विचारत नाहीत.

जासिंतो गुलार्त फ्लोरेस बेटावर एकोणीसशे चौपन्नच्या मे महिन्यात तापानं वारला. तो साडेतीन वर्षांचा होता. बेलमिरो गुलार्त सरकारी कागदावर एकोणीसशे सहासष्टच्या मार्चमध्ये लापा काढताना बुडाला. माझा नवरा आमच्या घरात, दोन हजार एकोणीसच्या ऑक्टोबरच्या चौदा तारखेला, सोमवारी, सकाळी दहा वाजता वारला. तो बहात्तर वर्षांचा होता.